गाडी शिकायला किती दिवस? आधी सरांचा पाय मोजा

पत्र

मी ४३ वर्षांची, म्हसरूळला राहते, शाळेत शिक्षिका आहे. आई नाशिकरोडला एकटी असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात चढता-उतरताना तिचे हाल होतात, म्हणून मी गाडी शिकायला घेतली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिकाऊ लायसन्स निघालं, क्लासचे २१ दिवस पूर्ण केले. एप्रिलच्या मध्यावर टेस्ट दिली. चढावर गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा मागे आली आणि मी नापास झाले. क्लासचे सर म्हणतात, "टेस्ट म्हणजे फॉर्मॅलिटी असते मॅडम, चार दिवस जादा करा आणि या." आमचे हे म्हणतात, वर्षभर चालवल्याशिवाय तुला जमणार नाही. शाळेतली एक मैत्रीण म्हणते, ती पंधरा दिवसांत शिकली. आता ६ मेचा स्लॉट मिळालाय. तयारीला नक्की किती दिवस लागतात? की माझ्या वयामुळेच जमत नाहीये?

उत्तर

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं दिसतं. गाडी मागे आली ती वयामुळे नाही. डाव्या पायाला हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडल्यावर गाडी सरकायला लागते ती जागा, सापडला नाही म्हणून आली. अठरा वर्षांच्या पोराचीही येते, फक्त तो घरी येऊन सांगत नाही.

आता किती दिवस. सर म्हणतात चार, तुमचे हे म्हणतात तीनशे पासष्ट, मैत्रीण म्हणते पंधरा. तिघांचंही खोटं नाही, पण तिघंही दिवस मोजताहेत. दिवसांवरून काहीच कळत नाही. तास मोजायला हवेत, आणि तेही तुमच्या पायांचे.

क्लासचा एक दिवस म्हणजे अर्धा तास. एकवीस गुणिले अर्धा म्हणजे साडेदहा तास. हा आकडा हवेतून आलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये खाजगी गाडीसाठी किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि किमान १० तास प्रत्यक्ष चालवणं सांगितलं आहे. क्लासवाले तेवढं मोजून देतात. पण त्या अर्ध्या तासात तुम्ही सिग्नलला किती थांबलात, पुढच्या विद्यार्थिनीला घ्यायला गाडी तिच्या सोसायटीच्या दारात किती वेळ उभी राहिली, ते आठवून बघा. साडेदहाचे सात-आठ झालेले असतात.

त्या सात-आठ तासांतही आणखी एक भागीदार असतो. क्लासच्या गाडीला सरांच्या बाजूनेही क्लच आणि ब्रेक असतात, आणि ते असलेच पाहिजेत, नाहीतर पहिल्याच दिवशी गाडी दुभाजकावर जाईल. पण सरांनाही दिवसभरात पंधरा विद्यार्थी उरकायचे असतात. तुमची गाडी चढावर बंद पडणार असं दिसलं की त्यांचा पाय आपोआप खाली जातो. गाडी छान उठते आणि तुम्हाला वाटतं, जमलं! असं एकवीस दिवस चालतं. टेस्टच्या दिवशी शेजारी आरटीओचे साहेब बसतात, ते पाय जवळ घेऊन बसतात आणि मग खरं काय ते बाहेर येतं. तुम्ही नापास झालात त्या दिवशी नवीन काही बिघडलं नव्हतं. सरांचा पाय काढून घेतला गेला, एवढंच झालं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय, कारण माझंही नेमकं हेच झालं होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी शिकले. पहिल्या टेस्टला गाडी सुरू केली, आरसा बघितला, पट्टा लावला, सगळं पाठ केल्यासारखं केलं आणि हॅण्डब्रेक न काढताच गाडी पुढे रेटत राहिले. सरावाच्या एकवीस दिवसांत तो हॅण्डब्रेक माझ्या हाताने एकदाही खाली गेला नव्हता, हे मला तिथे बसल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेला पास झाले. पेढे वाटले. आणि पुढचे आठ महिने गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली, कारण टेस्टचा आठचा आकडा मला येत होता, पण कॉलेज रोडला संध्याकाळी सहा वाजता उजवीकडे कसं वळायचं ते येत नव्हतं. त्या आठ महिन्यांची लाज मला नापास झाल्यापेक्षा जास्त वाटते.

म्हणून तुमच्यासाठी दोन वेगळ्या तयाऱ्या धरते. एक टेस्टची, दुसरी आईला घेऊन सुखरूप परत येण्याची. सर पहिलीबद्दल बोलताहेत आणि तुमचे हे दुसरीबद्दल, म्हणून दोघांचं जमत नाही.

सरकारचेही यात दोन आकडे आहेत. साध्या क्लाससाठी ते दहा तास. पण २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले, त्यात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे. त्यातले ८ तास वर्गातले आणि २१ तास गाडीवरचे. हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला आरटीओच्या टेस्टमधून सूट आहे. म्हणजे टेस्ट न घेता एखाद्याच्या हातात गाडी द्यायची, तर सरकारला एकवीस तास लागतात. माझी भाची लंडनजवळ असते. तिकडची परीक्षा घेणारी सरकारी संस्था सांगते की पास होणाऱ्याला सरासरी ४५ तास शिकवणीचे आणि २२ तास सरावाचे लागतात. तिकडची टेस्टही चाळीसेक मिनिटं भर रस्त्यात चालते, त्यामुळे तो आकडा आपल्याला जशाच्या तसा लावू नका. पण दहा तासांत न जमणं ही नाचक्की नाही, एवढं तरी त्यातून समजा.

माझा अंदाज असा. तुमचे क्लासचे खरे आठ तास धरले, तर टेस्टसाठी अजून दहा ते बारा तास हवेत. नाशिकरोडपर्यंत जाऊन येण्यासाठी त्यावर पुन्हा तेवढेच. रोज पाऊण तास मिळाला, तर टेस्टची तयारी दोन-अडीच आठवड्यांत होते, अधूनमधून खाडे धरले तर महिन्यात. तुम्हाला मे महिन्याची सुट्टी आहे, हे तर सोन्याहून पिवळं.

तेव्हा ६ मेचा स्लॉट सोडून द्या.

हे ऐकून धस्स झालं असेल, म्हणून हिशेब मांडते. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तुमचं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं, म्हणजे जुलैच्या सुरुवातीपर्यंत. नापास झाल्यावर पुन्हा टेस्ट द्यायला कायद्याने सात दिवस थांबावं लागतं. तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबावं लागतं आणि वर पुन्हा प्रशिक्षणही घ्यावं लागतं. तुमची एक खेप खर्ची पडली. उरल्या दोन. ६ मेला चार दिवसांच्या तयारीवर गेलात आणि पुन्हा गाडी मागे आली, तर तिसरी खेप म्हणजे छातीत धडधड घेऊन जाणं. ती हुकली तर साठ दिवस, आणि तोवर शिकाऊ लायसन्स संपलेलं. मग नवीन काढा, त्याचे तीस दिवस पुन्हा मोजा. त्यापेक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यातला स्लॉट घ्या. समजा त्यातही काही चुकलं, तरी जूनच्या मध्यावर तिसऱ्या खेपेला जागा उरते. आणखी पुढे मात्र ढकलू नका. मृग निघाला की पाऊस कधीही सुरू होईल, आणि धुक्याने भरलेली काच पुसत पुसत टेस्ट देण्याची हौस कुणाला असते? स्लॉट लवकर भरतात, तेव्हा नवीन तारीख आधी बघा.

आता चढ. तुमचं घोडं तिथेच अडलंय, म्हणून जरा वेळ घेते.

एखाद्या सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करा. मखमलाबादकडे द्राक्षबागांमधून जाणारे आतले रस्ते सकाळी सहाला बरे असतात, पण ट्रॅक्टर येतात, तेव्हा कडेला पुरेशी जागा बघा. पहिला गिअर टाका. ॲक्सिलरेटरला पाय लावूच नका. क्लच इतका हळू सोडा की शेजारच्याला कंटाळा आला पाहिजे. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी सरपटायला लागते. तोच तुमचा हाफ क्लच. तिथे पाय थांबवा, चार पावलं जाऊ द्या, पुन्हा दाबा, थांबा. असं तीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण दोन दिवसांत टाच त्या जागेवर आपोआप जायला लागते. क्लासच्या गाडीतला आणि तुमच्या घरच्या गाडीतला हाफ क्लच वेगळ्या उंचीवर असतो, हेही तेव्हाच कळेल. माझा तर आग्रह आहे की टेस्टही घरच्याच गाडीवर द्या. टेस्टला गाडी आपणच न्यायची असते. तिचं आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू असलं आणि पुढे-मागे लाल अक्षरातला 'एल' लावलेला असला की झालं. ज्या क्लचवर तुमची टाच बसलीय तोच तिथे असेल.

मग हलका चढ. गाडी थांबवा आणि हॅण्डब्रेक पूर्ण ओढा. पहिला गिअर. आता उजवा पाय ब्रेकवरून उचला. हॅण्डब्रेक आहे, गाडी कुठे जात नाही, तो पाय मोकळा झालाय याच्यावर विश्वास ठेवा. थोडी रेस द्या, स्कूटी चढवताना देता तेवढीच. क्लच त्या जागेपर्यंत आणा. आवाज जड झाला, बॉनेट उचललं की क्लचचा पाय दगडासारखा तिथेच ठेवा आणि मग हॅण्डब्रेक खाली करा. गाडी एक क्षण जागच्या जागी तरंगते आणि पुढे सरकते. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, पहिल्या दोन वेळा तुम्ही क्लच पटकन सोडला म्हणून गाडी बंद पडली, आणि तिसऱ्यांदा त्याच्याच भीतीने क्लच दाबून ठेवून हॅण्डब्रेक आधी काढला म्हणून ती मागे आली. सगळ्यांचं याच क्रमाने होतं. हलक्या चढावर सलग दहा वेळा जमलं की होळकर पुलावरून रविवार कारंजाकडे चढताना एखाद्या सकाळी सिग्नलला थांबून बघा. मागे एखादी सिटीलिंकची बस उभी असली आणि तिने हॉर्न दिला तरी क्रम बदलायचा नाही. गाडी बंद पडलीच तर ब्रेक, हॅण्डब्रेक, न्यूट्रल, चावी. मागचा कितीही ओरडला तरी तो तुमच्या अंगावरून जाणार नाहीये.

एक सावधगिरी. हाफ क्लचवर चढाला गाडी तोलून धरायची सवय लावू नका. क्लच प्लेट जळते, वास येतो, आणि तो खर्च आठवडाभर जेवण गोड लागू देत नाही. थांबायचं तर हॅण्डब्रेक.

रिव्हर्सला मी फार वेळ घेत नाही, कारण तुम्ही त्यात अडल्याचं लिहिलेलं नाही. एवढंच की मान वळवून मागच्या काचेतून बघा. कॅमेरा असला तरी तो झाकून शिका.

शेजारी कोण बसणार, हा प्रश्न चढाइतकाच मोठा आहे. शिकाऊ लायसन्सवर एकटीने चालवायची नाहीच. पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा, आणि तोही वेळ पडली तर गाडी थांबवता येईल असा बसलेला. आमच्या घरी हे काम आमच्या यांनी घेतलं होतं. पहिल्याच दिवशी गंगापूर रोडवर, सोमेश्वरच्या अलीकडे, मी गाडी कडेला लावून रिक्षाने घरी आले. नवरा वाईट नव्हता. तो माझ्या आधी अर्धा सेकंद घाबरायचा आणि मग त्याची भीती माझ्या पायात उतरायची. तुमचे 'हे' वर्षभर म्हणतात त्यावरून मला जरा तसाच वास येतोय. दीर, भाऊ, शाळेतले एखादे शांत सहकारी, कुणीही चालेल, पण अट घाला: बोलायचं फक्त 'थांबा'. बाकी सूचना गाडीतून उतरल्यावर.

आणि तुम्ही शिक्षिका आहात, तर हजेरीपटासारखी एक वही करा. रोज दोन रकाने. किती मिनिटं चालवलं, आणि शेजारचा किती वेळा बोलला किंवा त्याचा हात हॅण्डब्रेककडे गेला. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या रकान्यात पंधरा, वीस असे आकडे दिसतील. हळूहळू उतरतील. लागोपाठ तीन दिवस तिथे शून्य आलं आणि त्या तीन दिवसांत एकदा तरी बऱ्यापैकी वर्दळीतून गेलात, तर तुम्ही टेस्टला तयार आहात. मग ते दहा दिवसांत येवो की चाळीस. माझ्याकडे 'किती दिवस'ला याहून नेमकं उत्तर नाही.

टेस्टच्या आधी दोन-तीनदा पेठ रोडने आरटीओपर्यंत जाऊन या. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या भाजीच्या पिकअप गाड्या तिथे कुठून कुठे घुसतील याचा नेम नाही, आणि टेस्टला पोहोचतानाच हातपाय गळाले तर पुढचं काय बोलायचं! त्या दिवशी साहेबांपुढे घाई करू नका. सीट, आरसे, पट्टा, हॅण्डब्रेक, इंडिकेटर, सगळं दिसेल असं करा. हे नुसतं दाखवण्यासाठी नसतं, नियमातच टेस्टच्या यादीत आरसा आणि पट्टा पहिल्या ओळीत आहे. चढावर उठणं आणि अरुंद जागेत रिव्हर्स घेणंही त्याच यादीत आहे, तेव्हा टेस्ट फॉर्मॅलिटी असते असं सर पुन्हा म्हणाले तर मान हलवा आणि चढाचा सराव करायला जा. ते "बघून घेतो मॅडम" असंही म्हणाले, तर नको म्हणा. नाशिकच्या द्वारका चौकात ते बघायला येणार नाहीत.

द्वारकेचा विषय निघालाच आहे. म्हसरूळहून नाशिकरोड म्हणजे दिंडोरी रोड, मग हायवे, मग द्वारका आणि पुणे रोड. पहिले दोन महिने तो रस्ता विसरा. द्वारकेला मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोडची सगळी गर्दी एकमेकींच्या गळ्यात पडते, तिथे वीस वर्षं चालवणारेसुद्धा देवाचं नाव घेतात. तुम्ही संभाजीनगर रोडने नांदूर नाक्यापर्यंत जा, तिथून वळून गोदावरी ओलांडून दसकवरून जेल रोडने नाशिकरोडच्या बिटकोला निघा. थोडं लांब पडेल, नांदूर नाक्याला ट्रकही भरपूर असतात, पण तिथे कोण कुठून येतोय ते दिसतं. रविवारी सकाळी सातला सुरुवात करा. सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या कुठला रस्ता कधी उकरतील याचा भरवसा नाही, म्हणून आदल्या दिवशी स्कूटीवरून एक चक्कर मारून ठेवा.

पास झालात म्हणून लगेच आईंना गाडीत बसवू नका. हे मी माझ्या त्या आठ महिन्यांवरून सांगतेय: पास झाल्यावर गाडी एक दिवसही बंद ठेवायची नाही, पण जोखीम पायरीपायरीने वाढवायची. पहिल्या आठवड्यात रोज दूध आणायला, मग शाळेत, मग दिराला शेजारी बसवून नाशिकरोड. त्यानंतर एकदा एकट्याच जा. आईंकडे चहा घ्या, गाडी कुठे लावता येते आणि फिजिओथेरपीच्या दारात त्यांना उतरवायला जागा कुठे आहे ते बघून ठेवा, आणि उजेडात परत या. पुढच्या खेपेला त्यांना घ्या. गुडघा दुमडायला त्रास होत असेल तर त्यांना पुढे बसवा आणि सीट पूर्ण मागे सरकवा. त्यांना गाडीत आधी पाय नाही, आधी बूड टेकवायला सांगा, मग दोन्ही पाय एकत्र आत.